भाड्याच्या घराचं कर्ज मुदतीआधी फेडताय? आधी शुल्काचा हिशेब मांडा

भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना बहुतेक जण वहीत चार ओळी लिहितात: भाडं, हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी. पाचवी ओळ राहून जाते, ती मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काची. कर्ज चालू असताना हे शुल्क कुठेच दिसत नाही. घर विकताना, कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना किंवा हाती आलेल्या रकमेतून खातं बंद करताना ते एकदम समोर येतं.

पुढच्या सगळ्या आकड्यांसाठी एकच उदाहरण धरू. एका पगारदार व्यक्तीने राहत्या घराच्या तारणावर एका वित्त कंपनीकडून ५० लाख रुपयांचं मालमत्ता तारण कर्ज, म्हणजे 'लॅप', घेतलं आणि त्यातून भाड्यासाठी फ्लॅट विकत घेतला. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ४४,९८६ रुपये, पहिला हप्ता एप्रिल २०२३ मध्ये. मार्च २०२६ पर्यंत ३६ हप्ते, म्हणजे जवळपास १६ लाख २० हजार रुपये भरून झाले. त्यातून मुद्दल उतरलं फक्त ३ लाख ८ हजार. बाकी राहिले ४६,९१,९३१ रुपये. करारात मुदतपूर्व परतफेडीला ३ टक्के शुल्क आहे. ते होतं १,४०,७५८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५,३३६ रुपये, एकूण १,६६,०९४. फ्लॅटचं भाडं महिना २५ हजार आहे, तेव्हा हे साडेसहा महिन्यांहून अधिक भाडं झालं.

१. तुमच्या कर्जाला शुल्क लागतं का, हे आधी ठरवा

"आता कुठलीच बँक प्रीपेमेंटचे पैसे घेत नाही," असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उत्तर पाच गोष्टींवर अवलंबून आहे: कर्जदार कोण, व्याजदर बदलता की स्थिर, कर्जाचा हेतू काय लिहिला आहे, कर्ज देणारी संस्था कोणती आणि मंजुरीची तारीख कोणती.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांनी असं शुल्क घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये काढला. मे २०१४ मध्ये तो व्यक्तींच्या बदलत्या दराच्या सगळ्या मुदत कर्जांना लागू झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट करण्यात आलं की ही सवलत व्यवसायेतर हेतूच्या कर्जांना आहे, सहकर्जदार असो वा नसो. म्हणजे तुमच्या नावावर बदलत्या दराचं साधं गृहकर्ज असेल, तर घर दुसरं असलं आणि भाड्याने दिलेलं असलं तरी शुल्क शून्य.

२ जुलै २०२५ ला रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ रोजी किंवा त्यानंतर मंजूर वा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. बदलत्या दराच्या कर्जांपुरतं बोलायचं तर व्यक्तींच्या व्यवसायेतर कर्जावर शुल्क नाही. व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांनी व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जावरही व्यापारी बँका आणि सर्वांत मोठ्या वित्त कंपन्या ते घेऊ शकत नाहीत. लघु वित्त बँका, ग्रामीण बँका आणि मधल्या स्तरातल्या काही संस्थांसाठी अशा व्यवसाय कर्जांवरची सूट ५० लाखांपर्यंतच्या मंजूर रकमेला आहे. पैसे कुठून आणले हे विचारायचं नाही, किमान इतके महिने थांबा अशी अट घालायची नाही, आणि परतफेड अंशतः असो वा पूर्ण, नियम तोच.

मग शुल्क लागतं कुणाला?

- ज्यांचं कर्ज २०२६ च्या आधीचं आहे आणि कागदावर 'व्यवसाय हेतू' लिहिलेला आहे. आपलं उदाहरण याच गटातलं. लॅप आणि दुकान-गाळ्यांच्या भाड्यावरची कर्जं इथेच अडकतात.
- ज्यांचा दर स्थिर आहे. गृहवित्त कंपनीचं स्थिर दराचं गृहकर्ज स्वतःच्या पैशातून फेडलं तर शुल्क नाही, पण दुसऱ्या संस्थेचं कर्ज काढून फेडलं तर ते लागू शकतं. बँकेच्या स्थिर दराच्या कर्जात करारात जे लिहिलं असेल ते.
- ज्यांनी कर्ज कंपनी, एलएलपी किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर घेतलं आहे. 'व्यक्ती' या शब्दात हे बसत नाहीत.
- ज्यांचं कर्ज पतसंस्थेचं आहे. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेच्या या निर्देशांखाली येत नाहीत. तिथे संस्थेचे नियम आणि तुमचा करार, एवढंच.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. काही कर्जांत पहिली दोन-तीन वर्षं दर स्थिर असतो आणि नंतर बदलता होतो. अशा कर्जात परतफेडीच्या दिवशी दर कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर शुल्क ठरतं. दर बदलता होण्याची तारीख तीन महिन्यांवर आली असेल, तर तोवर थांबल्याने पूर्ण शुल्क वाचू शकतं. मंजुरी पत्रात ती तारीख शोधा आणि कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

अजून कर्ज घेतलंच नसेल, तर ही पायरी तुमच्या सर्वांत कामाची. भाड्याने द्यायचं निवासी घर विकत घेण्यासाठी कर्ज काढताय तर अर्जात आणि मंजुरी पत्रात हेतू तसाच स्पष्ट लिहून घ्या. एजंट घाईत 'व्यवसाय' या चौकटीत खूण करतो, कारण ती फाईल लवकर सरकते. आणि केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य तपशिलांचा तक्ता, नीट वाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना तो द्यावाच लागतो, तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, तेव्हा मराठीत मागायला संकोच नको. वाचायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या तक्त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही.

२. कलम शब्दशः वाचा

करारातलं शुल्काचं कलम सहसा तीन-चार ओळींचं असतं. त्यातले हे शब्द तपासा.

शुल्क कशावर? '३ टक्के' एवढंच वाचून थांबू नका. ते शिल्लक मुद्दलावर आहे की मंजूर रकमेवर? आपल्या उदाहरणात मंजूर रकमेवर धरलं तर १,५०,००० होतात, शिल्लकीवर १,४०,७५८. दहा वर्षांनी हीच तफावत खूप मोठी असते. नव्या निर्देशांनुसार मुदत कर्जात शुल्क लागलंच तर ते जेवढी रक्कम मुदतीआधी भरता तेवढ्यावरच असायला हवं.

मोफत मर्यादा आहे का? बऱ्याच करारांत वर्षाला शिल्लक मुद्दलाच्या २५ टक्क्यांपर्यंत अंशतः परतफेड शुल्काशिवाय करता येते. ती असेल तर दोन आर्थिक वर्षांत दोनदा वापरा, मग उरलेल्यावरच शुल्क बसेल. पण याच कलमाखाली कधी कधी आणखी एक ओळ असते: खातं पूर्ण बंद करताना मागच्या बारा महिन्यांत भरलेल्या अंशतः रकमाही शुल्कासाठी मोजल्या जातील. ही ओळ असेल तर अंशतः भरणा आणि खातेबंदी यांत वर्षाचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर मोफत मर्यादा कागदावरच राहते.

शुल्क कधी संपतं? काही करारांत ते वर्षागणिक उतरतं, काहींत ४८ किंवा ६० महिन्यांनी शून्य होतं. ही तारीख पाचव्या पायरीत लागणार आहे.

३. फोरक्लोजर स्टेटमेंट मागवा आणि ते फोडा

कर्ज पूर्ण फेडायचं ठरलं की कर्ज देणाऱ्या संस्थेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे खातं बंद करायला एकूण किती भरायचे याचं पत्रक, घ्या, लेखी अर्ज देऊन किंवा ॲपवरून. ते मोजक्याच दिवसांसाठी वैध असतं, कारण व्याज रोज वाढत असतं.

खाली एकच मोठा आकडा असतो आणि तिथेच हिशेब बिघडतो. तो आकडा वहीत पाच भागांत लिहा: शिल्लक मुद्दल, आजवरचं न भरलेलं व्याज, मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि जुनी किरकोळ थकबाकी (चेक न वटल्याचे पैसे वगैरे). पाचही भागांची करातली वागणूक वेगवेगळी आहे. मुद्दल हा खर्चच नाही. सगळी रक्कम 'कर्जफेड' म्हणून एका ओळीत टाकली की शुल्काची वजावट हातची जाते.

वहीत या शुल्काला 'दंड' म्हणू नका. कायदा मोडल्याबद्दल सरकारने केलेला दंड वेगळा, आणि कराराप्रमाणे कर्ज आधी बंद करण्यासाठी दिलेले पैसे वेगळे. 'मुदतपूर्व परतफेड शुल्क' असं स्वतंत्र खातं उघडा.

तारीख निवडताना हप्त्याचा दिवस पाहा. हप्ता ५ तारखेला कापला जात असेल आणि तुम्ही ३ तारखेला खातं बंद केलंत, तरी बँकेकडे आधीच गेलेल्या सूचनेमुळे ५ तारखेला हप्ता कापला जातो आणि परतावा मिळवण्यात महिना जातो. हप्ता गेल्यावर दोन-तीन दिवसांनी बंद करणं सोयीचं.

४. आयकरात हे शुल्क कुठे बसतं

घराच्या भाड्याचं उत्पन्न 'घर मालमत्तेपासूनचं उत्पन्न' या शीर्षकाखाली येतं. निवासी घराचं भाडं व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवण्याची वाट २०२४ च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. त्यामुळे 'धंद्याचा खर्च' म्हणून शुल्क वजा करायचा सल्ला कुणी दिला तर तो बाजूला ठेवा.

या शीर्षकाखाली मोजक्याच वजावटी मिळतात. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करा, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट घ्या, आणि मग कर्जाचं व्याज. सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, दलाली हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं, मग प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो.

शुल्क व्याजात बसतं ते व्याख्येमुळे. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २(२८अ) मध्ये व्याजाच्या व्याख्येत उसन्या घेतलेल्या पैशासंबंधीचं सेवाशुल्क किंवा इतर आकारही धरलेले आहेत. त्याच आधारावर मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने विंडरमिअर प्रॉपर्टीज प्रकरणात मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क कलम २४(ब), म्हणजे घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट देणारं कलम, याखाली वजावटीस पात्र धरलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. विवरणपत्र भरताना आणि सीएशी बोलताना जुना-नवा क्रमांक दोन्ही जवळ ठेवा. जीएसटीची रक्कम वेगळी लिहा. खालच्या गणितात वजावट फक्त मूळ शुल्काची धरली आहे.

कर्ज 'लॅप' आहे म्हणून वजावट जात नाही. तारण कोणतं यापेक्षा पैसा कुठे वापरला, हे महत्त्वाचं. पण तो प्रवास दाखवता आला पाहिजे: कर्ज खात्यात जमा, तिथून बिल्डरला किंवा विक्रेत्याला गेलेली रक्कम, आणि त्याच तारखेच्या आसपासचा करारनामा. मधे पैसा महिनाभर दुसऱ्या गुंतवणुकीत फिरला असेल तर उत्तर देणं जड जातं. कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं असेल, तर जुनं कर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाचं व्याजही वजावटीस चालतं.

आता आपल्या उदाहरणात आकडे घालू. वर्षाचं भाडं ३,००,०००. घरपट्टी १०,०००. उरले २,९०,०००. त्यातून ३० टक्के म्हणजे ८७,००० गेले, राहिले २,०३,०००. कर्ज चालू ठेवलं तर २०२६-२७ चं व्याज होतं ४,१७,३०१. म्हणजे २,१४,३०१ रुपयांचा तोटा.

जुन्या करपद्धतीत यातले २ लाखच पगारासारख्या इतर उत्पन्नाशी जुळवता येतात, उरलेला तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो, तोही फक्त घर मालमत्तेच्या उत्पन्नाविरुद्ध. नव्या करपद्धतीत हा तोटा इतर उत्पन्नाशी मुळीच जुळवता येत नाही, आणि तो पुढच्या वर्षी कामी येईल असं गृहीत धरून हिशेब मांडू नका.

हे नीट लक्षात घ्या. वर्षभराचं व्याज भरून झाल्यावर त्याच वर्षी शुल्क भरलंत, तर ते तोट्याच्या वर तोटा म्हणून जाऊन बसतं. वजावट कायद्याने मिळते, पण कर एक रुपयानेही कमी होत नाही.

५. आता फेडावं की थांबावं, हे ठरवा

*कर्ज दुसरीकडे न्यायचं असेल.* नवी बँक ८.२५ टक्के देते, म्हणजे पाऊण टक्का स्वस्त. शुल्क आणि जीएसटी मिळून १,६६,०९४, शिवाय नव्या कर्जाची प्रक्रिया फी, वकील, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क यांचे समजा ४० हजार. एकूण २ लाख ६ हजार. व्याजात पहिल्या वर्षी वाचतात सुमारे ३५ हजार, आणि मुद्दल उतरत जाईल तशी ही बचत कमी होते. घातलेला खर्च भरून यायला सहा वर्षांहून जास्त लागतील. चार वर्षांत फ्लॅट विकायचा विचार असेल तर हा बदल तोट्याचा. दीड टक्क्याचा फरक असेल तर तीन वर्षांच्या आसपास खर्च निघतो, मग विचार करण्याजोगं आहे.

या व्यवहारात हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे मुदत. तुमची १७ वर्षं उरलेली असतात, नवी बँक २० वर्षांचं कर्ज देते. हप्ता कमी दिसतो, पण त्यातला काही भाग दराने नव्हे तर वाढलेल्या मुदतीने कमी झालेला असतो. तुलना १७ वर्षांवरच करा.

नव्याकडे जाण्याआधी जुन्या संस्थेला दर कमी करायला लेखी सांगा. दर बदलण्याची फी बहुतेक वेळा शुल्कापेक्षा खूपच कमी असते.

*स्वतःच्या पैशातून फेडायचं असेल.* समजा आपल्या उदाहरणात ४८ महिन्यांनी शुल्क शून्य होणार आहे. आत्ता एप्रिल २०२६ आहे. आज १,६६,०९४ देऊन मोकळं व्हायचं, की वर्षभर पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवून पुढच्या एप्रिलमध्ये फुकट फेडायचं?

ढोबळ हिशेबात थांबलं तर व्याजाचे ४.१७ लाख जातील, ठेवीवर ३.२८ लाख येतील. थांबण्याची किंमत ८९ हजार. शुल्क १.६६ लाख. म्हणजे थांबावं.

पण कर धरला की चित्र पालटतं. नवी करपद्धती, ३० टक्क्यांचा टप्पा, उपकरासह ३१.२ टक्के धरा. ठेवीच्या व्याजावर कर जाऊन हाती २.२६ लाख राहतात. कर्जाच्या व्याजातले भाड्याइतके, म्हणजे २.०३ लाखच वजा होतात, त्यातून ६३ हजारांचा कर वाचतो. थांबण्याची खरी किंमत १ लाख २८ हजार. आज फेडलं तर शुल्क भाड्यातून पूर्ण वजा होतं, कारण वर्ष नुकतंच सुरू झालं आहे आणि व्याज जमलेलं नाही. त्यातून ४४ हजार वाचतात. आज फेडण्याची खरी किंमत १ लाख २२ हजार. दोन्ही जवळपास सारखे. अशा वेळी हाताशी राखीव रक्कम किती उरते, यावर निर्णय घ्या. सगळी गंगाजळी कर्जात ओतून दोन महिने भाडेकरू मिळाला नाही तर काय, हा प्रश्न सहा हजारांच्या फरकापेक्षा मोठा आहे.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित याच क्रमाने करा: आधी करपूर्व, मग करोत्तर.

६. मार्चमध्ये भरू नका, एप्रिल पाहा

बोनस किंवा ठेवीचे पैसे वर्षअखेरीस येतात आणि "३१ मार्चच्या आत करून टाकू" अशी घाई होते. भाड्याच्या घराच्या शुल्काबाबत ही घाई महागात पडू शकते.

समजा आपल्या उदाहरणात शुल्क शून्य व्हायचं नाही आणि खातं मार्च २०२७ च्या शेवटी बंद करायचं आहे. तेव्हा शिल्लक ४५,६९,४०० आणि ३ टक्के शुल्क १,३७,०८२. त्या वर्षीच्या व्याजाने भाड्याचं उत्पन्न आधीच खाऊन टाकलेलं आहे. नव्या करपद्धतीत शुल्काच्या वजावटीचा तात्काळ उपयोग शून्य. तेच खातं ५ एप्रिलला बंद केलं, तर नवं वर्ष, नवं भाडं, आणि शुल्क पूर्ण वजा. ३१.२ टक्क्यांनी ४२,७७० रुपयांचा कर वाचतो. २५ मार्चऐवजी ५ एप्रिलपर्यंत थांबण्याचं व्याज दिवसाला सुमारे १,१२७ रुपये, ११ दिवसांचे १२,४०० च्या आसपास.

जुन्या करपद्धतीत एवढा फरक पडत नाही, कारण न जुळलेला तोटा पुढच्या वर्षीच्या भाड्याशी जुळतो. मात्र विवरणपत्र मुदतीत भरणं सोडू नका.

७. घर विकत असाल तर

विकताना तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, पुढे ओढलेल्या तोट्याला जुळवायला भाडंच उरत नाही, दुसरं घर भाड्याने दिलेलं असेल तरच तो कामी येतो. म्हणून विक्रीच्या वर्षातच शुल्क भाड्यात जिरेल अशी तारीख निवडा. दुसरी, जे व्याज म्हणून एकदा वजा केलं ते भांडवली नफा काढताना खरेदी किमतीत पुन्हा धरता येत नाही, २०२३ च्या दुरुस्तीने हे पक्कं केलं आहे. तिसरी, जुन्या करपद्धतीत मुद्दलावर ८०सी ची वजावट घेतली असेल आणि ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ती सगळी वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत येते.

स्थिर दराच्या गृहवित्त कर्जात आणखी एक वाद निघतो. खरेदीदाराची बँक थेट तुमच्या कर्ज खात्यात धनादेश देते आणि तुमची संस्था म्हणते की हे दुसऱ्या संस्थेच्या कर्जाचे पैसे आहेत, शुल्क लागेल. विसार घेण्याआधीच, विक्रीच्या रकमेतून फेडल्यास शुल्क लागेल का, हे ईमेलवर विचारून ठेवा.

८. हाताशी ठेवायचे कागद

मंजुरी पत्र, कर्ज करार आणि केएफएस. कर्जाचं पूर्ण खाते उतारापत्रक. फोरक्लोजर स्टेटमेंट आणि भरणा केल्याची पावती. शुल्काचं जीएसटीसह स्वतंत्र बिल. वर्षाचं अंतिम व्याज प्रमाणपत्र. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार, घरपट्टीच्या पावत्या, आणि कर्जाचा पैसा घराकडे गेल्याचं बँकेचं पान.

यातलं व्याज प्रमाणपत्र आल्याबरोबर तपासा. त्यात मुद्दल आणि व्याज असतं, शुल्क बहुतेक वेळा नसतं. सीए प्रमाणपत्रावरचाच आकडा विवरणपत्रात घालतो आणि शुल्क गळून जातं. शुल्काचं बिल त्याच्या हातात वेगळं द्या. विवरणपत्रात आता कर्ज देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम आणि ३१ मार्चची शिल्लक असा तपशीलही भरावा लागतो, खातं बंद झालं असेल तर शिल्लक शून्य.

नियमाविरुद्ध शुल्क लावलंय असं वाटलं तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर बँक आणि वित्त कंपन्यांबाबत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर, आणि गृहवित्त कंपन्यांबाबत राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाता येतं. तक्रारीला फी नाही.

९. पैसे भरून झाले, आता बोजा उतरवा

कर्ज फिटलं की संस्थेने तारण ठेवलेल्या मालमत्तेचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायला हवेत. १ डिसेंबर २०२३ पासून, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. त्यामुळे भरणा केल्याची तारीख असलेली पावती जपा. कागद घेताना कर्ज घेतेवेळी दिलेल्या यादीशी एक एक कागद ताडून पाहा: करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. शेअर सर्टिफिकेट सर्वांत जास्त वेळा मागे राहतं.

मग ना हरकत पत्र घेऊन सोसायटीच्या कार्यालयात जा आणि त्यांच्या नोंदवहीतला बँकेचा बोजा कमी करून घ्या. तारण नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात ते मोकळं केल्याचा दस्त लागतो. सेरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीत कर्ज फिटल्याचं संस्थेनेच दाखवायचं असतं, पण झालं का ते विचारा. हप्त्याची बँकेतली कायम सूचना रद्द करा, न वापरलेले चेक परत घ्या. कर्जासोबत एकरकमी विमा घेतला असेल तर उरलेल्या मुदतीचा परतावा मिळतो का ते विमा कंपनीला विचारा, बहुतेक जण तो मागतच नाहीत. महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढा. खातं 'बंद' दिसलं पाहिजे आणि शिल्लक शून्य. 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीने मिटवलेलं, असं दिसत असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा, कारण पुढच्या घराच्या कर्जाच्या वेळी पहिली नजर त्याच शब्दावर जाते.